जुन्या मोटरबोटीचं वायरिंग: दोष शोधायचा कसा

बडोद्यात कुणी जुनी मोटरबोट घेतली की ती दाखवायला पहिला माणूस सापडतो तो गाड्यांचा ऑटो-इलेक्ट्रिशियन. हात चांगला असतो, मीटर असतो, पण सवय गाडीची असते. गाडीत निगेटिव्ह बॉडीतून परत येतो. एक वायर टाकली, दुसरं टोक पत्र्याला कसलं की दिवा पेटला. फायबरच्या बोटीला असा बॉडी अर्थ नसतोच. ॲल्युमिनियमच्या बोटीला तो मिळू शकतो, पण घ्यायचा नसतो, कारण पत्र्यातून करंट वाहू लागला की पाण्यात तोच पत्रा खाल्ला जातो. म्हणून बोटीत प्रत्येक उपकरणाला दोन वायरी असतात, एक जाणारी आणि एक परत येणारी. दोष परत येणाऱ्या वायरीत बसलेला असतो आणि शोधणारा दुपारभर जाणारी वायर चाचपत असतो, हे फार वेळा घडतं.

पुढे लिहिलंय ते बारा व्होल्टच्या, वीस-पंचवीस फुटांपर्यंतच्या बोटींसाठी. मागे बाहेर टांगलेलं इंजिन (आउटबोर्ड) किंवा आत छोटं इंजिन, एक-दोन बॅटऱ्या, तळातलं पाणी उपसायचा पंप, दिवे, हॉर्न, दोन-चार मीटर. बोट चोवीस व्होल्टची असेल तर पद्धत तीच, बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे दुप्पट धरा.

बोट कुठल्या पाण्यात वाढली

चांदोद-करनाळीला नर्मदेच्या गोड्या पाण्यात चाललेली बोट आणि खाली मुखाशी, कठपोरहून मिठी तलाईला परिक्रमावासींना पलीकडे नेणारी बोट, दोघींचं वय सारखं असलं तरी वायरिंगचं वय सारखं नसतं. खाऱ्या पाण्याचे तुषार जोडात शिरतात, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे अशी बोट नंतर वर्षभर शेडखाली कोरडी उभी असली तरी पावसाळ्याची हवा लागताच जोड आतून पुन्हा ओलसर होतात आणि तांबं काळं पडण्याचं काम पुढे चालू राहतं. हा काळेपणा प्लॅस्टिकच्या आत वायरीतून सरकत जातो. बाहेरून वायर नव्यासारखी दिसते.

म्हणून बोट हातात आली की प्रथम बॅटरी सोडवून तीन वायरींची टोकं कापून बघा: एक पॅनलमागची, एक पंपाची, एक अगदी मागच्या दिव्याची. दोन सेंटिमीटर पुरे. आतल्या तारा चंदेरी दिसल्या तर ती कथील चढवलेली मरीन वायर आहे. लालसर आणि चकाकत्या असतील तर साधं तांबं आहे, पण शाबूत आहे. काळ्या किंवा हिरवट दिसल्या तर आणखी पाच सेंटिमीटर कापा. वीतभर कापूनही चकाकी लागली नाही तर ती अख्खी वायर बदलायची. काळ्या तारेवर नवं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून काही साधत नाही, कारण दाबलेल्या जागी तांबं तांब्याला टेकतच नाही.

बोट पुरात बुडून निघालेली आहे का, हेही विचारून घ्या. विश्वामित्रीला २०२४ साली आला तसा पूर अंगणातल्या बोटीला सोडत नाही. पुराचं पाणी वायरीच्या उघड्या टोकातून आत शोषलं जातं आणि बाहेर यायला वाट नसल्यामुळे तिथेच राहतं. अशा बोटीत स्विच आणि फ्यूज होल्डर पुसून वापरण्याच्या भानगडीत पडू नका. ते स्वस्त असतात, बदलून टाका.

वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मधल्या मालकांनी हाताला लागली ती वायर घातलेली असते. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. बोटीत काळी बहुधा बॅटरीची निगेटिव्ह. अमेरिकेतून आलेल्या जुन्या बोटीत किनाऱ्यावरच्या विजेची जिवंत वायरसुद्धा काळीच असते. रंग बघून अंदाज करा, पण वायरीला हात मीटर लावून झाल्यावरच घाला.

सामान

डिजिटल मल्टिमीटर हवा, डी.सी. २० व्होल्टची रेंज आणि १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला. दुसरी वस्तू त्याहून कामाची आणि जवळजवळ फुकट: गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब, होल्डरमध्ये बसवून त्याच्या दोन वायरींना चिमटे लावलेला. शिवाय दोन्ही टोकांना चिमटे असलेली आठ-दहा मीटर लांब वायर, रॅचेटची क्रिंपिंग पक्कड, वेगवेगळ्या मापांची थिंबलं, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, काचकागद, ८, १० आणि १३ नंबरचे पाने, ब्लेड फ्यूज ५, १०, १५ आणि २० अँपिअरचे प्रत्येकी चार, मास्किंग टेप, मार्कर, वही.

घरातला निऑनचा टेस्टर घरीच ठेवा. बारा व्होल्टला तो पेटतच नाही.

बल्ब कशाला, मीटर आहे ना? मीटर मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतल्या चाळीस तारांपैकी एकोणचाळीस तुटून एकच, तीही काळी पडून जेमतेम टेकलेली, उरली असली तरी मीटर तिथे १२.५ व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, ‘लाइन तर बराबर येते, पंपच गेला.’ पंप बदलतो, नवा पंपही फिरत नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. त्या जेमतेम टेकलेल्या तारेतून तेवढा करंट नीट जात नाही, बल्ब मिणमिणतो आणि खरं काय ते कळतं. जुन्या बोटीत लोड नसताना घेतलेलं रीडिंग म्हणजे ऐकीव माहिती समजा.

काम सुरू करण्याआधी आतलं इंजिन पेट्रोलचं असेल तर सगळी झाकणं उघडा आणि ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) असेल तर निदान चार मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते आणि तुमचा चिमटा नेमका तिथेच ठिणगी पाडतो. वास येत असेल तर त्या दिवशी विजेचं काम करायचं नाही, आधी गळती शोधायची. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण बॅटरीच्या दोन खांबांवर आडवा पडलेला पाना क्षणात लाल होतो.

बॅटरी आधी

बॅटरी शेवटची चार्ज झाल्यावर किंवा वापरल्यावर चार तास तरी तिला स्वस्थ राहू द्या, मग मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, बाराच्या खाली म्हणजे रिकामी. रिकाम्या बॅटरीवर बाकी कुठलाही दोष शोधत बसू नका. आधी पूर्ण चार्ज करा, मग पुढची पायरी.

आता स्टार्टर फिरवताना मोजायचं. इंजिन चालू होऊ नये म्हणून सेफ्टी दोरीची (चालकाच्या अंगाला अडकवायची, ओढली गेली की इंजिन बंद करणारी) क्लिप काढून ठेवा. काही बोटींत क्लिप काढली की स्टार्टरही फिरत नाही; तिथे इग्निशन वेगळं तोडावं लागतं. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर धरा, केबलच्या क्लँपवर नको, आणि दुसऱ्याला पाच सेकंद चावी फिरवायला सांगा. दहा व्होल्टच्या वर राहिलं तर बॅटरी ठीक. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे, नाहीतर स्टार्टर अडकून जास्त ओढतो आहे. मग एक टोक खांबावर, दुसरं त्याच खांबाच्या क्लँपवर ठेवून पुन्हा चावी. इथे ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर खांब आणि क्लँप यांच्यामध्ये कीट आहे.

कीट काढताना निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना शेवटी जोडा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका. काचकागदाने शिसं चकाकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली कसल्यानंतर लावायची. आधी लावणारे खूप आहेत आणि त्यांचे क्लँप आत सैलच राहतात.

खांबावर किती वायरी चढल्या आहेत तेही मोजा. जुन्या बोटीत सात-आठ निघतात: कुणी रेडिओ ‘डायरेक्ट’ घेतलेला, कुणी फिश फाइंडर, कुणी मोबाइलचा चार्जर, आणि एकालाही फ्यूज नाही. प्रत्येकीवर मास्किंग टेप चिकटवून ती कुठे जाते ते लिहा. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक पॉझिटिव्ह वायरीला सात इंचांच्या आत फ्यूज हवा. अपवाद फक्त स्टार्टरच्या जाड केबलचा.

व्होल्टेज कुठे गळतं

हे एकदा हाताला बसलं की बाकीचं निम्मं काम आपोआप होतं, म्हणून इथे घाई करू नका.

समजा पंप हळू फिरतोय. पंप चालू ठेवा. बॅटरीवर मोजा: १२.५. पंपाच्या दोन वायरींवर मोजा: १०.६. म्हणजे वाटेत १.९ व्होल्ट गळतात. आता मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळं टोक पंपाच्या पॉझिटिव्ह वायरीवर धरा. अंतर लांब असतं, त्यासाठीच ती दहा मीटरची वायर. दिसलं ०.३. मग निगेटिव्ह बाजू: बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून पंपाच्या निगेटिव्ह वायरीपर्यंत. दिसलं १.६. बेरीज १.९, हिशेब जुळला. पॉझिटिव्ह बाजूला हातही लावायचा नाही. स्विच, फ्यूज, पॅनल सगळं निर्दोष आहे.

आता निगेटिव्हच्या वाटेवर अर्ध्यात जा. खांबापासून निगेटिव्ह बसबारपर्यंत (परतीच्या सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात ती पट्टी) ०.१. बसबारपासून मागच्या बाकाखालच्या जोडापर्यंत, जोडाच्या अलीकडे ०.१, पलीकडे १.४. चोर सापडला: तो टेप गुंडाळलेला जोड. कापा, चकाकीपर्यंत मागे या, नवा जोड करा, पुन्हा मोजा.

आकडे एवढेच लक्षात ठेवा. एका चांगल्या जोडावर लोड असताना ०.१ व्होल्टपेक्षा कमी. पंप, नेव्हिगेशनचे दिवे आणि रेडिओ यांच्या अख्ख्या वाटेवर, जाऊन-येऊन, ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. आतल्या साध्या दिव्याला १० टक्क्यांपर्यंत चालतं.

कधी जोड सगळे चांगले निघतात आणि तरी व्होल्टेज गळतं, कारण वायरच बारीक असते. हिशेब करून बघा. पंप ५ अँपिअर ओढतो, पॅनलपासून सहा मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. दीड एमएमच्या (म्हणजे चौरस मिलिमीटरच्या) वायरीत ०.७ व्होल्ट जातात, अडीचच्या वायरीत ०.४२, चारच्या वायरीत ०.२६. म्हणजे एवढ्याशा पंपाला चारची वायर लागते. घरात दीड एमएमवर अख्ख्या खोलीचे दिवे चालतात म्हणून हे पटायला जड जातं, पण घरात २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. सूत्र हवं असेल तर: अँपिअर गुणिले जाऊन-येऊन मीटर गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचे एमएम.

फ्यूज उडतो

फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, उपकरणासाठी नंतर. त्यामुळे १० चा उडाला तर २० चा घालून बघायचा प्रयोग करू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच नको. दीड एमएमला १० अँपिअर, अडीचला २०, चारला ३० याच्या वर जाऊ नका. पंपावर किंवा त्याच्या कागदावर त्याहून लहान फ्यूज सांगितला असेल तर तोच घाला.

सारखा उडत असेल तर फ्यूज काढून त्याच्या दोन पात्यांच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्ब मधे असल्यामुळे आता काही जळणार नाही. एकेक उपकरण सोडवत जा. ज्याच्याबरोबर बल्ब विझेल ते दोषी. सगळी सोडवून झाली तरी पेटलेलाच असेल तर दोष वायरीत आहे. वायर हलवत, वाकवत पुढे जा आणि एकाने बल्बावर नजर ठेवा. वायर जिथे फळीच्या भोकातून किंवा पत्र्याच्या कडेवरून जाते आणि रबरी ग्रोमेट पडून गेलेला असतो, तिथे बहुतेक वेळा सापडतं. पावसाळाभर उभ्या बोटीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही अशाच सापडतात.

काचेच्या नळीचे जुने फ्यूज डोळ्यांनी तपासू नका. आतली तार शाबूत दिसते, पण टोकाच्या टोपीखाली गंजून सुटलेली असते. लोड चालू ठेवून फ्यूजच्या दोन टोकांवर मोजा. दोन-चार शतांश व्होल्ट असेल तर ठीक, बारा असेल तर फ्यूज गेलेला, अर्धा व्होल्ट असेल तर होल्डर गंजलेला. असे होल्डर घासून पुन्हा वापरण्यापेक्षा ब्लेड फ्यूजचा बॉक्स बसवून टाका.

स्टार्टर आणि इंजिन

चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक होत असेल तर करंट पोचत नाही: बॅटरी, क्लँप किंवा जाड केबलची टोकं. एकच जोरात ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट सोडणाऱ्या विजेवरच्या स्विचचे) आतले पॉइंट किंवा स्टार्टर. आवाजच नसेल तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का बघा. लीव्हर किंचित पुढे-मागे करत चावी फिरवा; त्याने फिरला तर न्यूट्रलचा सेफ्टी स्विच सरकला आहे. तरीही नाही, तर चावी धरून ठेवून सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर बल्ब लावा. बल्ब पेटला तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या पुढे, नाही पेटला तर चावीच्या बाजूला. चावीच्या मागचे बारीक जोड आणि इंजिनाच्या हार्नेसचा मोठा प्लग ही इथली नेहमीची ठिकाणं. प्लग उघडा, पिना हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घासा.

स्टार्टर झोकात फिरतो पण पेट्रोलचा आउटबोर्ड पेट घेत नाही, तेव्हा किलची वायर आठवा. बऱ्याच आउटबोर्डांत इंजिन बंद करण्यासाठी इग्निशनची एक वायर स्विचमधून निगेटिव्हला टेकवतात. ती वायर कुठे सोलली जाऊन इंजिनाला टेकली, किंवा स्विचच्या आत पाणी शिरलं, की इंजिनाला वाटतं कुणीतरी ‘बंद’ दाबून ठेवलंय. इंजिनापाशी ती वायर सुटी करून बघा. पेट घेतला तर दोष सापडला. पण आता चावीने इंजिन बंद होणार नाही, तेव्हा चोक ओढायची किंवा पेट्रोलची नळी काढायची तयारी ठेवूनच हे करा. ही चाचणी घाटाला बांधलेल्या बोटीतच करायची. क्लिपशिवाय चालणारी बोट पात्रात न्यायची नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधी ‘ऑफ’ करू नका. आल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) करंट टाकायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड जातात.

चार्जिंगचं बघायचं ते मध्यम स्पीडला: बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवं. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा दाबून बघा, मग आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत वरच्याच पद्धतीने गळती मोजा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे, बॅटरी उकळायच्या आत थांबवा. काही आल्टरनेटरना सुरुवातीचा करंट पॅनलवरच्या लाल चार्जिंग दिव्यातून मिळतो. तो एक बल्ब उडाला की चार्जिंगच होत नाही. आल्टरनेटर खोलून बघण्याआधी हे बघा.

तळातला पंप

जुन्या बोटीत आळस करायचाच असेल तर दुसऱ्या कुठल्याही सर्किटवर करा, या पंपावर नको. त्याचे जोड पाण्यात असतात म्हणून तेच आधी जातात. फ्लोट स्विचच्या (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणाऱ्या स्विचच्या) वायरी छोट्या येतात आणि बसवणारा तिथेच, तळात, जोड करून मोकळा होतो. नवी वायर घ्या आणि जोड पाण्याच्या पातळीच्या वर, हाताला लागेल अशा ठिकाणी आणा.

फ्लोटची वायर फ्यूजमधून थेट बॅटरीला हवी, मुख्य स्विचच्या आधी. नाहीतर तुम्ही स्विच बंद करून घरी जाता आणि रात्रीच्या पावसात पंपही बंदच असतो. चाचणी: फ्लोट हाताने वर उचला. पंप फिरला नाही तर फ्लोटच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा. आता फिरला तर फ्लोट गेला, नाही फिरला तर वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंची गळती मोजा. पंप घुमतो पण पाणी येत नाही, तेव्हा खालची जाळी काढा. घाटावरच्या बोटीत तिथे झेंडूच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, चुनरीचे धागे निघतात. असा जाम झालेला पंप जास्त करंट ओढतो, म्हणून त्याचा फ्यूज मोठा घालायचा नाही.

दिव्यांचं थोडक्यात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. बल्ब काढून होल्डरमधली पितळी पट्टी घासली की बहुतेक दिवे परत येतात. एलईडी बसवला आणि पेटला नाही तर वायरी उलट करून बघा. मीटरांपैकी पेट्रोलचा काटा एकाच टोकाला चिकटला असेल तर मीटरमागची सेंडरची (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाची) वायर सुटी करा, मग ती जागा निगेटिव्हला टेकवा. काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर चांगला, दोष वायरीत किंवा सेंडरमध्ये. ही टेकवाटेकवी मीटरपाशी करा, टाकीपाशी नाही.

जोड कसा करायचा

तारा पिळून वर टेप, हा जोड बोटीत एक मोसम टिकतो. सोल्डरही एकट्याच्या भरवशावर नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. वायरीच्या मापाचं थिंबल घ्या, सहा-सात मिलिमीटर सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका, रॅचेट पक्कड पूर्ण सुटेपर्यंत दाबा, मग जोरात ओढून बघा. निघालं तर आत्ता निघालं हे बरं. वर गोंदाची स्लीव्ह चढवा आणि दोन्ही कडांनी गोंद बाहेर दिसेपर्यंत गरम करा. वायर दर वीत-दीड वीत अंतरावर क्लिपने बांधा. लोंबती वायर स्वतःच्या वजनाने जोड ढिला करते.

उभ्या बोटीत बॅटरी उतरते

सगळं बंद करा, निगेटिव्ह केबल सोडा आणि केबल व खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. या वेळी चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जाईल. आणि काम झाल्यावर लाल टोक परत व्होल्टच्या सॉकेटला लावा. ते विसरून पुढचं व्होल्टेज मोजायला गेलात तर बॅटरी शॉर्ट होते. रेडिओच्या मेमरीला काही मिलिअँपिअर लागतात, ते ठीक. ५० दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ८० ची बॅटरी महिन्याभरात अर्धी. एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्याच्याबरोबर पडेल ती लाइन.

पाण्यात उभ्या बोटीत हा चोरटा करंट फक्त बॅटरी खात नाही, प्रोपेलर आणि शाफ्टही खातो. धातू वाचवायला लावलेले ॲनोड बघा. समुद्राकडून आलेल्या बोटीला जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरट थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. चांदोदला चालवायची असेल तर मॅग्नेशियमचे लावा. दोन्हीकडे फिरणार असाल तर ॲल्युमिनियमचे.

२३० व्होल्ट

बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही. पण घाटावरून वायर ओढून बोटीत चार्जर लावला की खेळ बदलतो. गोडं पाणी वीज नीट वाहून नेत नाही, माणसाचं शरीर त्याहून चांगलं नेतं. त्यामुळे गळका चार्जर लावलेल्या बोटीजवळ पोहणाऱ्याच्या अंगातून करंट जातो, स्नायू आखडतात आणि पोहणारा आवाज न करता बुडतो. नदीवर हा धोका समुद्रापेक्षा जास्त. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळताच लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय) चार्जर लावू नका, चार्जर चालू असताना कुणाला पाण्यात उतरू देऊ नका. शक्य असेल तर बॅटरी काढून घरीच चार्ज करा. २३० ची कायमची लाइन हवी असेल तर ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

पात्रात नेण्याआधी

घाटाला बांधून सगळं एकदम चालू करा, वीस मिनिटं. मग प्रत्येक जोडाला, फ्यूज होल्डरला, मुख्य स्विचच्या मागच्या नटांना हात लावा. कोमट लागला तो उद्याचा दोष, तिथे पुन्हा मोजा. फ्लोट एकदा उचला, हॉर्न वाजवा, क्लिप ओढून इंजिन बंद होतंय का ते बघा.

भाड्याने माणसं नेणार असाल तर नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली येते; वायरिंग बदललं असेल तर ते तपासणाऱ्याला दाखवा. हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये बोट उलटून शाळकरी मुलं बुडाली, त्याचं कारण वायरिंग नव्हतं. पण लाइफ जॅकेट मोजल्याशिवाय आणि पंप तपासल्याशिवाय प्रवासी चढवायचे नाहीत, हे बडोद्यात आता वेगळं सांगावं लागू नये.

वहीतला नकाशा स्वच्छ उतरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर प्रत्येक वायरीचं माप, फ्यूजचा आकडा आणि आज मोजलेली गळती तारखेसह लिहा. बोट पावसाळ्यात बाहेर काढून उभी करणार असाल तर बॅटरी उतरवून घरी आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा, बोटीत उरलेल्या केबलच्या टोकांवर टेप लावा आणि केबल जिथून आत येतात ती भोकं स्टील वूल कोंबून बंद करा, म्हणजे उंदीर शिरणार नाहीत. फिरवायच्या आधी ते वूल सगळं काढून टाका, कारण त्याचा एक धागा बॅटरीवर पडला तरी पेट घेतो.